एक चष्मा, दोन नाकं

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. नाकं मात्र दोन सांभाळली. डोणगावच्या बाजारात वामनरावांनी मला घेतले आणि आठवड्याच्या आतच आशाबाईंनी जाहीर केले, "मलेही याच्यातून साजरं दिसते." दुसऱ्या चष्म्याचा खर्च वाचला, माझी मात्र डबल पाळी सुरू झाली. एक काडी तुटली, तिथे दोरा आला. सकाळी वामनरावांसोबत पेपर वाचायचा, दुपारी आशाबाईंच्या नाकावरून तुरीच्या डाळीतले खडे शोधायचे, नाहीतर भाचा गजेंद्र याच्यासाठी आलेले मुलींचे फोटो पारखायचे. माणसे काय पाहतात आणि काय पाहायचे टाळतात, याची मला भारी उत्सुकता.

एका दुपारी मी डाळीवर होतो. वामनरावांचा फोन वाजला. ते कायम स्पीकर लावूनच बोलतात.

"मामा, मला ओळखलं नाही का?"

"गजेंद्र काय रे?"

घ्या! नाव यांनीच पदरचे दिले. पलीकडच्याला फक्त "हो" म्हणायचे काम उरले.

"पुण्यात जाऊन 'मले'चं 'मला' झालं बे तुहं!" मामा हसले.

"मामा, तुमच्या खात्यात थोडे पैसे टाकतोय, माझे म्हणून ठेवा. मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे पटकन वाचा."

त्या खात्यात लेक अश्विनीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते. मेसेज आलाही, पण वामनरावांना अक्षरांच्या जागी मुंग्या दिसत होत्या.

"अवं, चष्मा दे."

"काऊन?"

"गजूले आकडे सांगाचे हायेत. घाई हाय त्याले."

आशाबाईंना शंका आली की त्यांचे नाक आक्रसते. मी घसरलो, तेव्हाच ओळखले. त्या फोनकडे वाकल्या. "गजू, बायको बाळंतीण झाली काय रे?"

"हो मामी, मुलगा झाला!"

"अरे बाप्पा! आमी अजून पोरगीच पाहून राह्यलो, अन् तुले पोरगंबी झालं?"

फोन कट.

मग आशाबाईंनी माझ्यातून मेसेज वाचला. तो पैसे बाहेर जाण्याचा आकडा होता. खाली लिहिले होते, 'हा आकडा कोणालाही सांगू नका.'

संध्याकाळी अश्विनी म्हणाली, "बाबा, पैसे खात्यात याचे असले तं आकडा सांगा लागत नाही. जायाचे असले तंच लागते. अन् चुकून सांगितलाच, तं लाजत बसू नका; लगेच बँकेले अन् फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरले फोन करा."

"चष्म्यापायी वाचलो," वामनराव पुटपुटले.

"चष्म्यापायी नाही, मह्यापायी!"

आता घरात दोन नवे चष्मे आले आहेत. मी खिडकीत असतो, धूळ खात. त्याचे फार वाटत नाही. काळजी एकच होती. आता कोणाला चष्मा मागावा लागणार नाही, मग "काऊन?", म्हणजे "कशासाठी?", असे कोण विचारणार? मित्रांनो, चष्मे हवे तेवढे घ्या, पण कोणी घाईघाईने आकडा मागितला तर वाचण्याआधी घरातल्या कोणाला तरी हाक मारा.

काल वामनरावांच्या फोनवर पुन्हा एक मेसेज वाजला. नवा चष्मा त्यांच्या नाकावरच होता. तरी ते ओरडले, "अवं, चष्मा आण!"

आशाबाई मला घेऊन आल्या. म्हणाल्या, "काऊन?"