लिंबाएवढे भोक

मी एक जुनी घरगाडी आहे. मित्रांनो, बाहेरून पाहिलेत तर मी एक लांबट मोटार आहे आणि दार उघडून आत आलात तर घर. दोन बिछाने, एक शेगडी, भांडी घासायला छोटे बेसिन आणि खिडकीशी घडी होणारे टेबल. माणसे मला चालवत नेतात आणि मन रमेल तिथे माझ्यात मुक्काम करतात. आज मी तुम्हाला माझ्या जमिनीतल्या एका भोकाची गोष्ट सांगणार आहे. ते बुजले म्हणून एका दुपारी माझ्या आत चार जीव मरणाच्या दारात होते आणि मला साधा हॉर्नही आपला आपण वाजवता येत नव्हता.

कारखान्यात माझी जमीन बसवली तेव्हा कारागिराने शेगडीजवळ लिंबाएवढे भोक पाडले. चांगल्या अखंड फळीला भोक कशाला, हे मला तेव्हा कळेना. कारण साधे होते. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीवर साचत राहतो. माझ्या दाराचा उंबरा उंच असल्यामुळे तिथूनही त्याला वाट नाही. त्याने निमूटपणे निघून जावे म्हणून ते भोक होते. तशीच शेगडीखालच्या खणामागे दोन बोटे जागा मोकळी सोडली होती. तिच्यातून गॅसची रबरी नळी वर येई.

माझे पहिले मालक म्हणजे बाबा. मोठे मितभाषी गृहस्थ. प्रत्येक सहलीआधी ते माझ्या पोटाखाली आडवे होत आणि बांबूची काठी त्या भोकातून वर सारत. आत त्यांची धाकटी लेक चिमी पालथी पडून वाट बघत असे. काठीचे टोक वर आले की ती किंचाळे, “दिसलं!” मग बाबा खालून म्हणत, “चला, निघा!” भोकात चिखल असो की गांधीलमाशीचे पोळे, काठीने सगळे निघून जाई. चिमीला मात्र तो लपंडाव वाटे. बाबांनीही तो तसाच राहू दिला. लेकराच्या मनात भीती कशाला घालायची, असे त्यांना वाटले असावे. काम झाले की ते काठी माझ्या तळाशी दोन आकड्यांत अडकवून ठेवत.

ती वर्षे फार सुखाची होती. घाट चढताना मी धापा टाकी आणि बाबा म्हणत, “दमली, पण हटली नाही!” पुढे बाबा गेले. माझ्यावर ताडपत्री पडली. उशांत उंदरांनी संसार थाटले. मला वाटले, संपले आता.

एका सकाळी ताडपत्री निघाली. समोर चिमीचा मोठा भाऊ उभा होता. मी त्याला दादाच म्हणते. त्याचे तसबिरींना चौकटी बसवायचे दुकान होते. सोबत वहिनी होत्या आणि एका जागी न ठरणारी त्यांची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत. चिमीही आली होती. ती आता भिंगरीची आत्या होती आणि पडदे शिवून शिवून तिची कंबर धरली होती. बसवेना की ती सरळ जमिनीवर पालथी पडायची.

चौघांनी मिळून मला आतून नवी करायला घेतले. कुजलेल्या फळ्या निघाल्या, भिंतींना फिका रंग लागला, आत्याने गाद्यांना निळी खोळ शिवली. माझा ऊर भरून आला. पण एके दिवशी आत्या जमिनीवर पडल्या पडल्या कुरकुरली.

“दादा, इथून वारा येतो रे. नेमका माझ्या कमरेत भरतो.”

“अगं, हे तर तुझं दिसलं-दिसलंचं भोक!”

“पन्नाशी उलटली माझी. आता कोण बसलंय बघायला? बुजव ते.”

दादाने लाकडाचे गोल बूच तासले आणि ठोकून बसवले. इतके नेमके, की वहिनींनी त्यावरून नख फिरवले आणि म्हणाल्या, “अहो, सांधा लागतच नाही!” दादा फुशारला. मग त्याने शेगडीखालचा खणही बदलला. “मागे दोन बोटं जागा फुकट का घालवायची?” असे म्हणून त्याने नवा खण चांगला खोल केला.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते हो! पण गाडीचे कोण ऐकणार?

पहिल्याच सहलीला आम्ही एका तळ्याच्या वर, उतारावर थांबलो. वारा बोचरा होता म्हणून वहिनींनी सगळ्या खिडक्या लावल्या. दादाने बाहेरच्या कप्प्यातल्या सिलिंडरची चावी उघडली आणि आत येऊन दार ओढून घेतले. वहिनींना नव्या खणाचे कोण कौतुक! वाटेत प्रत्येक थांब्यावर त्यांनी तो उघडला होता, लावला होता. दर वेळी त्याची मागची कड रबरी नळीवर घासत होती. आता चमचे काढायला त्यांनी तो पुन्हा उघडला, लावला आणि नळीला केसाएवढी चीर पडली.

अगदी बारीक सुस्कारा. मला तो ऐकू येत होता. गॅस खाली उतरला, बुचापाशी गेला, त्याला वाट मिळाली नाही. तो पसरू लागला. टेबलाचे पाय बुडाले, मग माणसांचे घोटे. नव्या रंगाच्या आणि डिंकाच्या वासात कुणाला वेगळे काही जाणवले नाही. जमिनीलगत फ्रिज होता. तो मधूनच आपोआप सुरू होई आणि सुरू होताना त्याच्यात बारीक ठिणगी पडे.

“चहा टाकते,” म्हणत वहिनींनी लायटर उचलला.

आत्या नुकतीच जमिनीवर पालथी झाली होती. “थांब! कसला तरी वास येतोय.”

“तुझ्याच मलमाचा असेल, आत्या,” भिंगरी खिदळली.

“हिला जन्मापासून वासच येतात,” दादा म्हणाला.

“दादा, खाली वाक आणि मग बोल!”

दादा चेष्टेनेच वाकला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “लायटर खाली ठेव. ठेव आधी! बाहेर व्हा सगळे. कशालाही हात लावू नका.”

वहिनींनी लायटर गादीवर ठेवला, भिंगरीचे मनगट धरले आणि अनवाणीच खाली उतरल्या. आत्या कंबर धरून रांगतच उंबरा ओलांडून गेली. दादाने बाहेरून सिलिंडरची चावी फिरवली. सुस्कारा थांबला. पण साचलेला गॅस उंबऱ्याआड तसाच होता.

“फ्रिज!” दादा म्हणाला. “तो आता कधीही सुरू होईल. मी आत जाऊन बंद करतो.”

“वेड लागलंय का तुला?” आत्याने त्याचा सदरा गच्च धरला. “बटण दाबलंस तरी ठिणगी पडेल!”

“मग काय, बाबांची गाडी जळताना बघत बसू?”

तो तिचा हात सोडवू लागला. मला वाटले, जळू दे मला, पण याला आत येऊ देऊ नका.

 आत्याची नजर माझ्या तळाकडे वळली. “दादा,” ती हळूच म्हणाली, “बाबा खेळत नव्हते रे. ते भोक मोकळं आहे का, ते बघत होते.”

दादाला काही कळायच्या आत ती माझ्याखाली सरपटली. कंबर विसरली. तिचे हात अंधारात चाचपडले. काठी तिथेच होती. सगळ्यांनी मला फक्त आतून नवी केली होती, खाली कुणी डोकावलेच नव्हते. तिने बुचावर खालून काठी मारली. हलले नाही. दादाचे काम ते! पुन्हा मारली. पुन्हा. दादा उताराच्या वरच्या बाजूने तिचे पाय धरून बसला होता, ओढून काढायच्या तयारीत. चौथ्या फटक्याला बूच टणकन उडाले.

दूर, वरच्या झाडापाशी उभी असलेली भिंगरी माझ्या खिडकीच्या काचेतून आत बघत होती. तिला तो खेळ कुणीच शिकवला नव्हता. तरी ती ओरडली, “काठी दिसली!”

“ओढ!” आत्या म्हणाली. दादाने तिला सर्रकन बाहेर ओढले आणि दोघे वर, झाडाकडे पळाले. गॅस माझ्या पोटातून खाली सांडला, उताराला लागला आणि वाऱ्याने विरून गेला. बऱ्याच वेळाने माझ्या आत टक् झाले. फ्रिज सुरू झाला होता. नुसता घुरघुरला. बाकी काही नाही.

मित्रांनो, तुम्ही मात्र असे कधी गाडीखाली शिरू नका. वास आला की लांब पळा आणि मोठ्यांना बोलवा. आत्याने जीव धोक्यात घातला, कारण दादा त्याहून वाईट वेडेपणा करायला निघाला होता.

आता नळी नवी आहे. दादाने स्वतःच्या हाताने खण दोन बोटे आखूड केला आणि भोकावर नुसती सरकती जाळी बसवली. वारा येतो. आत्या खाली उशी घेते.

एखादे जुने घर, जुने यंत्र तुमच्या हाती आले तर ते जरूर नवे करा, आमच्यासारख्यांना त्याचा आनंदच होतो. पण त्यातले भोक बुजवण्याआधी ते कुणी आणि कशासाठी पाडले ते विचारा. आणि पोरांना खेळ शिकवाल तेव्हा त्यामागचे कारणही सांगा.

आज आम्ही पुन्हा निघालो आहोत. माझ्या पोटाखाली भिंगरी काठी घेऊन आडवी झाली आहे. वर आत्या पालथी पडली आहे.

“आधी सांग, कशासाठी करतो आपण हे?”

“गॅस जड असतो. त्याला खालून वाट हवी. आता बघ ना, आत्या!”

जाळी सरकली. काठीचे टोक वर आले.

“दिसलं!”