उशिरा आलेला ‘हो’

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी डबा आहे, आणि खरं सांगू का, आजही पुरता गोंधळलेला आहे.

दोन हजार सात साली वडवणीत रविनं नेट कॅफे काढला. बाजारपेठेतल्या पाच गच्च्यांवर त्यानं आम्हा पाच डब्यांना बसवलं. तार नाही, खांब नाही. इंटरनेटवरून आलेलं सारं एका डब्यानं दुसऱ्याकडे द्यायचं. मी रविच्या चुलत्यांच्या, मन्मथप्पांच्या कापड दुकानावर होतो. गाणं असो की बोलणं, सारं बारीक तुकडे होऊन यायचं, आणि मी सगळ्या तुकड्यांना रांगेनं सोडायचो. एखादा तुकडा हरवला तर पुन्हा मागवून, कितीही उशीर झाला तरी पोचवायचो. रवि म्हणायचा, “लई इमानदार हाय बे तू!” मी फुगून जायचो.

मन्मथप्पांची लेक ईश्वरी लग्न होऊन मस्कतला गेली होती. दर रविवारी तिची आई उमाबाई दुकानातल्या संगणकापुढे हेडफोन लावून तिच्याशी इंटरनेटवरून फोनवर बोलायची. एका रविवारी माझ्या रांगेत लोकांची गाणी आणि सिनेमे खच्चून भरले होते.

“जेवलीस का?” आईनं विचारलं. बराच वेळ उत्तर येईना. म्हणून तिनं पुढचं विचारलं, “तुला तरास हाय का गं तिथं?”

तेवढ्यात माझ्याकडून ‘हो’ सुटलं आणि फोन तुटला.

“आवो, जेवलीस का इचारलं, मग तरास हाय का इचारलं, तर लेक हो म्हनली! तिला घिऊन या!” उमाबाईनं मन्मथप्पांकडे पाहून हंबरडा फोडला.

रवि धावत आला. “काकू, थांबा. ते जेवनाचं हो आसंल, उशिरा आलंय.”

अरे देवा! म्हणजे इमानदारीनंच मी घोळ घातला?

रविनं मला नवे नियम शिकवले. आवाज आला की रांग मोडून आधी सोडायचा, आणि उशीर झालेला तुकडा सरळ टाकून द्यायचा. मला काही उमजेना. एस.टी. स्टँडवर रांग मोडली तर मारामारी होते, आणि इथं तेच पुण्य!

पुन्हा फोन लागला. शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला.

“जेवलीस का?”

“हो आई.”

“तुला तरास हाय का गं तिथं?”

तुकडे वेळेवर येत राहिले, पण त्यांत शब्दच नव्हता. पंख्याची घरघर होती. बांगड्या वाजल्या. उमाबाईनं घाबरून रविकडे पाहिलं.

“एक बी तुकडा हरवला न्हाई, काकू,” तो हळूच म्हणाला.

मग ईश्वरी बोलली. “बाबांना पाठव.”

मन्मथप्पा गेले आणि लेकीला घेऊन आले. मी आता रविच्या फळीवर धूळ खात पडलो आहे. ते पहिलं ‘हो’ नेमकं कशाचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, नाहीतर राहू द्या. पण आवाज स्वच्छ येत असेल आणि पलीकडचं माणूस गप्प राहिलं, तर डब्याला दोष देऊन फोन ठेवू नका.