बाईंच्या पायाखालचा दुसरा ब्रेक

मी दुसरा ब्रेक बोलतोय. गाडीला एकच ब्रेक असतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही गाडी घरच्याच कुणाकडून तरी शिकला असाल. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली एक आणि शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक, असे दोन ब्रेक असतात. कुठलाही दाबा, गाडी थांबते. पण पहिल्याला दिवसभर काम असतं आणि मला मात्र कुणाचं तरी चुकल्यावरच.

माझा जन्म एका बोळातल्या गॅरेजमध्ये झाला. मेकॅनिकने लोखंडाची पट्टी वाकवली, तिच्या टोकाला रबर बसवलं आणि एका दांडीने मला खऱ्या ब्रेकला जोडून दिलं. मग तो स्वतः चालवायला बसला आणि शेजारी गाडीच्या मालकीणबाई बसल्या. "आता ताकद लावून बघा," तो म्हणाला. बाईंनी असा काही पाय दिला की मेकॅनिकची टोपी काचेवर जाऊन आपटली.

"चालेल," बाई म्हणाल्या.

या बाईंनी बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ही छोटी पांढरी गाडी घेऊन शिकवण्या सुरू केल्या. पन्नास मुलांना गप्प बसवायची सवय, त्यामुळे त्या सगळ्यांनाच अरे-तुरे करायच्या, बँकेच्या मॅनेजरलासुद्धा.

बाईंच्या सपाट चपलेखाली राहून मी माणसं ओळखायला शिकलो. काही जण वळण आलं की श्वास रोखतात आणि वळून झालं तरी सोडायला विसरतात. काही जण चूक झाली की आधी आरसा हलवून बघतात, जसं काही सगळं आरशामुळेच झालं. एक प्राध्यापक तर खांबाला घासल्यावर खांबालाच "माफ करा" म्हणाले होते.

पण मला सांगायचंय ते वेगळ्याच एका विद्यार्थ्याबद्दल.

तो पहिल्या दिवशी आला तो थेट बाईंच्या बाजूचं दार उघडून आत बसला. पाय माझ्यावर ठेवला, पट्टा लावला आणि समोर हात नेला. समोर नुसता कप्पा.

"स्टिअरिंग पलीकडे आहे," बाहेर उभ्या बाई शांतपणे म्हणाल्या.

परदेशातून शिकायला आलेला होता तो. त्याच्या देशात चाक दुसऱ्या बाजूला असतं. वय छत्तीस, घरी बायको आणि आठ वर्षांची मुलगी. अकरा वर्षं त्याने ॲम्ब्युलन्स चालवली होती. मागे पेशंटला सांभाळणाऱ्या नर्स बघून बघून त्यालाही वाटू लागलं की आपण हे शिकावं. नोकरी करता करता नर्सिंग केलं आणि आता पुढचं शिकायला इथे आला होता. शेवटच्या सत्रात गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जायचं होतं. तिकडे बस जात नाही. महिनाअखेरपर्यंत इथलं लायसन्स दाखवलं नाही, तर ते सत्र पुढच्या वर्षी. म्हणजे घरच्यांपासून आणखी एक वर्ष लांब.

"मला शिकवायचं फारसं काही नाही बाई," तो म्हणाला. "फक्त बाजू बदलायची आहे."

आणि खरंच, चालवायचा छान. गाडी पाण्यासारखी जायची. मला वाटलं, आज आपल्याला सुट्टी. तेवढ्यात पिवळा दिवा लागला. त्याने हॉर्नवर तळवा ठेवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. बाईंनी मला तळापर्यंत नेलं.

गाडी थांबल्यावर बाईंनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. "मागे पेशंट आहे?"

"नाही."

"मग?"

त्याने हॉर्नवरचा तळवा काढून घेतला. बाईंनी त्याच दिवशी त्याचं नाव सायरन ठेवलं.

पुढचे दहा दिवस माझी अगदी दमछाक झाली. सायरनला गाडी येत होती, थांबता येत नव्हतं. लोक आपल्याला वाट देणारच, अशा विश्वासाने तो प्रत्येक चौकात शिरायचा. बाई ओरडल्या की हसायचा आणि म्हणायचा, "अकरा वर्षांत एक ओरखडा नाही पडला."

परीक्षेच्या दिवशी बाईंच्या जागी परीक्षक बसले. चकचकीत बूट, मांडीवर कागद. परीक्षेत परीक्षकांनी मला दाबलं की विद्यार्थी नापास, असा नियम आहे. 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी सायरनने गाडी हळू केली, पण चाकं पूर्ण थांबवली नाहीत. बूट खाली आला. मी काय करणार? दाबल्यावर नाही कसं म्हणू?

परीक्षक उतरून गेल्यावर तो गाडीतच बसून राहिला. खोलीत आणखी दोन विद्यार्थी राहायचे, म्हणून घरी फोनही त्याने गाडीतूनच लावला. मुलीने उचलला.

"बाबा, पास झालास का तू?"

"आईला दे," तो म्हणाला.

बायकोने ऐकून घेतलं. आणि अचानक ती खळखळून हसायला लागली. "तुम्ही? गाडीत नापास? अहो, सासूबाईंना सांगितलं तर त्यांना वाटेल मी थट्टा करतेय." तो आधी चिडला, मग त्यालाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः चाक हातात घेतलं. मग त्या अगदी त्याच्यासारखी गाडी चालवायला लागल्या. पिवळ्यावर वेग, चौकात हॉर्न, रांगेतून फट काढून पुढे. तिसऱ्या चौकात त्याने दोन्ही पायांनी मला दाबलं.

"घाबरलास?" बाईंनी विचारलं.

त्याने दोन्ही पाय माझ्यावरून उचलले. "अकरा वर्षं मी थांबलो की मागून कुणीतरी रडायचं, बाई. अजूनही थांबलो की वाटतं, आपल्यामुळे कुणाचं तरी बरंवाईट होईल."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "इथे थांबलास तर कुणाचंही काही बिघडत नाही. थांब, तीन अंक मोज, मान वळवून बघ, मग निघ."

त्या दिवसापासून तो मोठ्याने मोजायला लागला. बाजारातून जाताना लोक गाडीकडे वळून बघायचे. बाईंचा पाय मात्र दिवसेंदिवस हलका होत गेला.

महिना संपायला तीन दिवस असताना दुसरी परीक्षा. परीक्षक तेच, बूट तेच. 'थांबा' लिहिलेल्या पाटीशी सायरनने गाडी थांबवली आणि ओठातल्या ओठात मोजलं. मग आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, आणि मागून खरोखरच ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला.

त्याने आरशात पाहिलं. परीक्षकांचा बूट माझ्यावर येऊन टेकला. पण त्याने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि थांबला. "जा बाबा, जा, मोकळं आहे," तो पुटपुटला. ॲम्ब्युलन्स निघून गेली.

"चला आता," परीक्षक म्हणाले.

"एक मिनिट, साहेब. अपघात मोठा असेल तर एकीमागे दुसरी निघते." त्याने मान वळवून मागे पाहिलं.

दुसरी आलीच. भरधाव, आमच्या आरशाला वारा देऊन गेली. परीक्षकांनी बूट माझ्यावरून उचलून मागे घेतला, तो परत पुढे आणलाच नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "आधी काय काम करायचात?"

पासचा कागद त्याने बाईंच्या हातात दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "बघू, शिक्का आहे ना?" आणि चष्मा काढून उगाच पुसत बसल्या.

त्याचं शेवटचं सत्र वेळेत पार पडलं, नोकरी लागली, बायको आणि मुलगी इथे राहायला आल्या. गेल्या महिन्यापासून त्याची बायको बाईंकडे शिकतेय. "ह्यांच्याकडून नको," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "हे फार ओरडतात."

तो दर रविवारी मुलीला घेऊन मागच्या सीटवर बसतो. समोर वळण आलं की जोरात पाय दाबतो. तिकडे खाली नुसती चटई आहे. मुलगी विचारते, "बाबा, तू काय दाबतोयस?" पुढे बाई आणि बायको दोघी हसतात.

माझं रबर आता पार झिजलंय. मेकॅनिक म्हणतो, नवीन बसवू. बाई म्हणतात, सायरनच्या बायकोची परीक्षा होऊ दे आधी. मंगळवारी आहे. तुम्हालाही एवढंच मागणं, रस्त्यात ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली पांढरी गाडी हळू चाललेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. तिचा हात अजून बसायचाय, आणि मंगळवारी माझ्यावर कुणाचा पाय पडू नये असं मला फार वाटतंय.