आरशावरचे दोन डाग

मावशीचं नाक म्हणजे साबणाच्या कारखान्यातलं शेवटचं न्यायालय. नवा लॉट आधी तिच्या नाकाखालून जाई, तिने मान डोलावली तरच वड्या कापल्या जात. घरी मात्र तेच नाक भाचीच्या मुळावर येई. शाळेतून आल्यावर हात न धुता खायला बसलं, की आतून हाक यायची, "चौकशीबाई, पेन्सिलीचा वास येतोय." हे नाव भाचीला तिच्या न संपणाऱ्या प्रश्नांमुळे पडलं होतं.

हल्ली ती हाक येईना. मावशीचा घोळणा सारखा फुटत होता, तोही डावीकडूनच, आणि ती बाजू चोंदलेलीही असे. उजवी नाकपुडी एकटी किती पुरी पडणार? लिंबू आणि संत्रं यांतला फरकही तिला कळेनासा झाला.

भाचीने आरसा फ्रीजमध्ये गार केला आणि मावशीच्या नाकाखाली धरला. उजवीकडे कोटाच्या बटणाएवढा वाफेचा डाग उमटला, डावीकडे जेमतेम डाळीएवढा.

"सर्दी आहे गं," मावशी म्हणाली.

"सर्दी एकाच बाजूला कशी राहील?"

दुसऱ्याच दिवशी दोघी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

बाईंनी बारीक दुर्बीण नाकात घातली. पडद्यावर लालभडक, गुळगुळीत गाठ दिसली.

"चिमट्याने ओढून काढा नि मोकळं करा," मावशी म्हणाली. "नाक चाललं नाही तर मला वेष्टणं चिकटवायला बसवतील."

"आज मी तिला हातसुद्धा लावणार नाही."

"निदान तुकडा तरी काढून तपासा ना," भाची म्हणाली. "आम्ही शाळेत पान तोडूनच बघतो."

"पानातून थेंबभर पाणी गळतं. हिच्यात काय भरलंय, ते आधी बघू."

स्कॅनची दोन चित्रं आली. पहिल्यात गाठ राखाडी होती. दुसरं चित्र हाताच्या शिरेतून औषध सोडल्यावरचं, त्यात तीच गाठ दिव्यासारखी पांढरी झाली होती.

"असं का झालं असेल?" बाईंनी भाचीलाच विचारलं.

ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. "औषध रक्तातून गेलं. म्हणजे गाठीत नुसतं रक्तच रक्त आहे."

"रक्तवाहिन्यांचा गुंता आहे तो. चिमटा लावला असता तर धार लागली असती. आता सांग, गळका नळ काढताना आधी काय करतात?"

"मागची चावी बंद."

"आपणही तेच करायचं. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची आणि गाठीला रक्त पुरवणारी वाट बुजवायची. मग गाठ नाकातूनच काढायची आणि तपासायला पाठवायची."

"आणि वास?" मावशीने हळूच विचारलं.

"वास घेणारा भाग गाठीच्या वर आहे. तो शाबूत असावा. पण खात्री नाकाची वाट मोकळी झाल्यावरच देता येईल."

शस्त्रक्रिया पार पडली. तपासणीतही गाठ साधीच निघाली. नाक धुण्यात आणि खपल्या निघण्यात काही आठवडे गेले. मग एका दुपारी भाचीने शाळेतून येताच गार आरसा काढला. दोन डाग उमटले, जुळ्या बहिणींसारखे.

"हे वाऱ्याचं झालं," मावशी म्हणाली. "वासाचं बघ."

तिने डोळे मिटले, उजवी नाकपुडी बोटाने दाबली. भाचीने साबणाची एक वडी डावीकडे धरली. मावशीने खोल श्वास ओढला.

"लिंबू की संत्रं?"

"थांब, मधे काहीतरी येतंय."

"काय?"

"पेन्सिल," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "आधी हात धुऊन ये, मग साबण धर."