मतदानाच्या दिवशीचा भोंगा

मित्रांनो, जरा माना वर करा. पत्र्याच्या छपरावर हिरवट पडलेलं पितळी तोंड वासून जो बसला आहे, तो मी. साबणाच्या कारखान्याचा जुना भोंगा. भंगार समजून हसू नका. तरुणपणी माझा आवाज असा होता, की डोक्यावरचे ढग दचकून पलीकडच्या गावात जाऊन पडत. एकदा मी नुसता शिंकलो, तर नदीपारच्या कोंबड्यांनी वेळेआधीच अंडी घातली. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. "ओरडशील तर वेळेवर ओरड, उगाच गळा काढू नकोस," एवढाच उपदेश त्याने केला. पोटात बॉयलरची वाफ आणि गळ्यात साखळी, असा माझा संसार सुरू झाला. साखळी ओढायचे बॉयलरकाका. माझ्या आवाजावर गाव उठे, पाव भट्टीतून निघत, भांडणारे नवराबायकोसुद्धा भांडण अर्ध्यावर ठेवून जेवायला बसत. कारखान्यात तर पक्की रीत होती. भोंगा झाल्याशिवाय कोणी कढई सोडायची नाही.

घड्याळसाहेबांनी नेमकी हीच रीत हेरली. ते आमचे व्यवस्थापक. सारखे घड्याळात बघत, म्हणून हे नाव. मतदानाचा दिवस होता. मत द्यायला कामावरून सुटायचा हक्क, तोही पगार न कापता, कायद्यानेच दिलेला. दुपारच्या भोंग्याला सगळ्यांनी निघायचं ठरलं होतं. पण साहेब बॉयलरकाकांना म्हणाले, "आज मोठी ऑर्डर आहे. मी सांगेन तेव्हाच साखळीला हात लावायचा."

"आणि मतदान?" कढईवरच्या मावशीने विचारलं.

"मी कुठे नाही म्हणतोय? भोंगा झाला की जा ना!"

"म्हणजे पाऊस थांबला की छत्री देणार!"

"उकळता साबण सोडलात तर उतू जाईल."

"अर्धे जाऊ, अर्धे ढवळू. ते आले की आम्ही जाऊ. त्यात काय एवढं?"

साहेबांनी घड्याळात बघितलं.

सावल्या लांबू लागल्या. संध्याकाळी मतदान केंद्र बंद होणार, आणि इथे माझ्या पोटात वाफ कोंडलेली. एवढा मोठा आवाज असून काय उपयोग? ओढणाऱ्याचा हात बांधलेला!

तेवढ्यात फाटकावर काठी आपटली. साहेबांच्या आई!

"अरे, त्या भोंग्याला काय धाड भरलीय? भोंगा झाला की मतदानाला निघायचं म्हणून मी कधीची चप्पल घालून बसलेय. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या तशाच ताटकळल्यात!"

साहेब हे साफ विसरले होते. अख्खं गाव माझ्यावर चालतं. कामगारांना अडवायला गेले आणि स्वतःच्या आईलाच अडवून बसले.

"आई, आज जरा काम..."

"काम रोजचंच आहे. मत काय रोज येतं? तू दिलंस का?"

"सकाळीच."

"वा रे वा! स्वतः जेवून हात धुतलास, आणि दुसऱ्यांची ताटं लपवतोस?"

आई आत शिरून थेट बॉयलरपाशी आल्या आणि त्यांनी बॉयलरकाकांकडे पाहिलं. काका अदबीने बाजूला सरकले. "माझ्या हाताला साहेबांची मनाई आहे, आई. तुमच्या हाताबद्दल काही बोलले नाहीत."

आई साखळीला जवळजवळ लोंबकळल्याच. आणि मी असा ओरडलो, असा ओरडलो, की साहेबांचं घड्याळ जे बंद पडलं ते आजतागायत चाललेलं नाही!

फाटक सताड उघडलं. अर्धे निघाले, अर्धे ढवळत राहिले. ते परतले तशी मावशी उरलेल्यांना घेऊन पळाली आणि केंद्र बंद व्हायच्या आत मत देऊन, शाईचं बोट नाचवत आली. साबण उतू गेला नाही. कसा जाईल? कढईवर बाह्या सरसावून साहेब स्वतः उभे होते, आणि मागे काठी घेऊन आई.

आता खाली विजेची घंटा आली आहे. माझ्या घशात चिमणीने घरटं केलं आहे. पॉलिश नको, हार नको. एकच मागतो. उद्या तुम्ही कामाला लागाल. मतदानाच्या दिवशी कोणी म्हणालं, "अजून भोंगा झाला नाही," तर त्याला माझी गोष्ट सांगा आणि हक्काने निघा. आणि मित्रांनो, साखळी तुमच्याच हातात आली, तर ती वेळेवर ओढा. तुमच्या आईला यायला लावू नका.