दुप्पट वेग

मी हेडफोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं लोकांच्या कानांत ओतत आलो, त्यामुळे स्वतःचं सांगायला जरा अवघडल्यासारखं होतंय. पण सांगायला हवं. या घरात आता बोलणारं फारसं कुणी उरलेलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्यात वायरी जोडल्या, दुसरीने कानांवर काळा फोम चढवला, तिसरीने माइकमध्ये "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं आणि मला पास केलं. मग माझ्यासारख्या चाळीस जणांना एका खोक्यात भरलं आणि आम्ही पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार केंद्रात येऊन पडलो. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर फोन घेणाऱ्या एकीच्या वाट्याला मी आलो.

केंद्राचा एक नियम होता. एका फोनला तीन मिनिटं. समोरच्या पडद्यावर घड्याळ पळायचं, तीन मिनिटं उलटली की आकडे लाल व्हायचे आणि महिनाअखेर साहेब बोलावून घ्यायचे. बाकीच्यांच्या नाकी नऊ यायचे. हिचा फोन मात्र कधी लाल झाला नाही. पलीकडचा माणूस "अहो, आमच्याकडे ना, काल सकाळपासून..." एवढं म्हणेपर्यंत ही म्हणायची, "पाणी गढूळ येतंय, बरोबर? पत्ता सांगा." आणि ते बरोबरच निघायचं! केंद्रात सगळे तिला 'एक्सप्रेस' म्हणायचे. तिला ते आवडायचं. खरं सांगतो, मलाही आवडायचं. एक्सप्रेसचा हेडफोन म्हणून माझीही ऐट होती.

अशी ही एक्सप्रेस नऊ वर्षं एकाच खुर्चीवर थांबलेली होती. पर्यवेक्षकाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोनदा तिच्याहून नवख्या माणसांना मिळाली. त्यांच्याकडे व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी होती, हिच्याकडे नव्हती. शेवटी नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी घ्यायचं तिने मनावर घेतलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. प्रवेश पक्का झाला त्या दिवसापासून साहेबांना विचारून ती मला रोज संध्याकाळी सोबत घरी आणायला लागली.

घरात दोनच माणसं, ती आणि तिचे बाबा. बाबा कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार अडखळो, रडो, नाहीतर एकच गोष्ट चारदा सांगो, त्याचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत उतरवून घ्यायचं, हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. नुकताच त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. पाय सावरले होते, वॉकर धरून ते घरभर फिरायचे. डोकंही शाबूत होतं. घोडं अडलं होतं ते बोलण्यापाशी. शब्द जिभेवर यायचा आणि तिथेच बसून राहायचा.

वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला बजावलं, "रोज अर्धा तास यांच्यासमोर बसा. एक प्रश्न विचारा आणि मनात वीस आकडे मोजा. त्यांचा शब्द तुम्ही पुरवायचा नाही. जीव कितीही कासावीस झाला तरी नाही. हे पहिलं वर्ष आहे. जे परत यायचं ते बहुतेक याच वर्षात येईल."

वर्ग सुरू व्हायला अजून दोन महिने होते. ते दोन महिने ती बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, जणू शब्द हातानेच पुढे ढकलला जाईल. "बाबा, खाली रस्त्यावर काय दिसतंय?" मीही टेबलावर पडल्या पडल्या आकडे मोजायचो. सतराव्या आकड्याला "कु... कुत्रं" आलं. ती टाळ्या वाजवायला लागली, तर बाबांनी बोट वर करून तिला थांबवलं. अजून पुढे होतं. "कुत्रं... तुझ्या... साहेबां... सारखं." दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या घरात मी ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तोच.

मग वर्ग सुरू झाले. आठवड्याला अकरा तासांची व्याख्यानं, शिवाय टिपणं, चाचण्या, गटचर्चा. नोकरी, बस, स्वयंपाक, बाबांची औषधं यांतून अकरा तास काढायचे कुठून? तेवढ्यात तिला पडद्यावरचं वेग वाढवायचं बटण सापडलं. आधी दीडपट, मग दुप्पट. पहाटे पाचला उठून मला डोक्यावर चढवून ती कणीक मळायची आणि माझ्यातून प्राध्यापक चिरक्या आवाजात धावत सुटायचे. अकरा तासांचे साडेपाच झाले. तिला हायसं वाटलं.

पण व्याख्यान संपलं तरी तिचे कान काही त्या वेगातून बाहेर येईनात. दुकानदार, शेजारीण, साहेब, सगळेच तिला रेंगाळत बोलताहेत असं वाटायला लागलं. कुणी "म्हणजे काय झालं की..." असं सुरू केलं की तिच्या दातांवर दात आवळलेले मला कळायचे. आणि घरात तर शहरातला सगळ्यात सावकाश बोलणारा माणूस बसलेला.

अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली. मग ती मला एका कानावर ठेवूनच बाबांसमोर बसायला लागली. एका कानात बाबा, दुसऱ्या कानात प्राध्यापक. विसाचे दहा झाले, दहाचे चार.

"मला... ते... खि..."

"खिडकी लावू? लावते हं."

बाबांना खिडकी लावायची होती की उघडायची, की ते भलतंच काही सांगत होते, देव जाणे. त्यांनी मान हलवली. मान हलवली की दोघांचीही सुटका व्हायची. हळूहळू बाबांना उमगलं की 'हो' हा सगळ्यात स्वस्तातला शब्द आहे. मुलीचा वेळ वाचतो, तिच्या कपाळावर आठी येत नाही. तिला वाटलं, घर सुरळीत चाललंय.

ती वाईट मुलगी नव्हती हो. त्यांची एक गोळी कधी चुकवली नाही, त्यांची नखं ती स्वतः कापायची. वेळ सोडून सगळं तिने दिलं.

सातव्या महिन्यात उपचारवाल्या बाईंनी बाबांना विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?" बाबांनी मुलीकडे पाहिलं.

"दूध-बिस्किटं," ती म्हणाली.

"मी त्यांना विचारलं." बाईंनी वही मिटली. "दुसऱ्या महिन्यात हे चार शब्दांचं वाक्य बोलत होते. आता एका शब्दावर आलेत. यांच्या वाट्याचं बोलतंय कोण घरात?"

तिला रडू कोसळलं. "परीक्षा झाली ना, की रोज तासभर बसेन. शप्पथ."

"बाबा थांबतील हो तुमच्यासाठी. मेंदू थांबत नाही."

त्यानंतर चार दिवस ती नेमाने बसली. पाचव्या दिवशी कसलासा अहवाल द्यायचा होता.

वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प होता. कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटं न अडखळता बोलायचं आणि ते रेकॉर्डिंग पाठवून द्यायचं. तिने विषय निवडला होता 'तक्रार केंद्रातील संभाषणाचा वेळ कमी करण्याचे उपाय'. रविवारची सकाळ होती. दोन प्रयत्न वाया गेले होते, तिसरा छान चालला होता. सतरा मिनिटं झाली आणि दारात वॉकरचा आवाज आला. बाबा स्वतःहून उठून आले होते. कुणी काही न विचारता त्यांनी आपणहून वाक्य सुरू केल्याला कित्येक आठवडे झाले होते.

"बाळा... मला... तुला... एक..."

"पाणी ना बाबा? आणते हं, दोन मिनिटं."

"ना... नाही. ते... तू..."

"औषध? ते झालं की मघाशी. मग काय, चष्मा? चष्मा हवाय का?"

बाबा थांबले. माझ्या माइकला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी मोजत होतो. एक, दोन, तीन, चार.

"चष्माच ना, बाबा?"

"...हो."

ती तणतणत उठली, कपाट पाहिलं, उशी उचलून पाहिली. मग तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. "अहो बाबा, नाकावर तर आहे!" ती हसली. बाबाही हसले. हसता हसता वॉकर वळवून परत गेले. तिने केस सारखे केले आणि चौथ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली.

नऊ दिवसांनी बाबांना दुसरा झटका आला. ती केंद्रात होती, मी तिच्या कानांवर होतो. बाबा वाचले. बोलणं मात्र गेलं. एकच शब्द मागे राहिला, 'हो'.

प्रकल्पाला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. दुसरं वर्ष तिने कसं रेटलं ते मला विचारू नका, मध्ये सोडायचंही त्राण नव्हतं म्हणून पुरं झालं. पदवी आली, पर्यवेक्षकाची जागा मिळाली. पर्यवेक्षकाला फोन घ्यावे लागत नाहीत, म्हणून मी कायमचा घरी आलो. फोम सुटलाय, एक कान दोऱ्याने बांधलाय. केंद्रात तीन मिनिटांचा नियम तसाच आहे आणि आता लाल आकड्यांबद्दल लोकांना ती बोलावून घेते.

संध्याकाळी घरी आली की ती बाबांसमोर बसते. हात मांड्यांखाली. आता तिच्यापाशी वेळच वेळ आहे. वीस मोजते, साठ मोजते, शंभर मोजते.

"भूक लागलीय?"

"हो."

"की पोट भरलंय?"

"हो."

"माझ्यावर रागावलात का, बाबा?"

"हो."

"नाही ना रागावलात?"

"हो."

मग ती मला डोक्यावर चढवते. तो फसलेला तिसरा प्रयत्न तिने पुसून टाकलेला नाही. ती वेग निम्मा करते आणि सतराव्या मिनिटावर येते. बाबांचा आवाज जाड होऊन, ओढत ओढत माझ्यातून येतो. "तू..." नंतर ती श्वास रोखून धरते. एखादं अक्षर, नुसती त्याची सुरुवात, ओठ मिटल्याचा आवाज, काहीतरी असेल म्हणून मला कानांवर दाबून धरते.

बाई गं, मला फेकून दे. भंगारात घाल, नाहीतर माझी वायर तोड. तुझे कान मी बिघडवले हे मला मान्य आहे, पण जे कुणी बोललंच नाही ते मी कुठून आणू? वाचकहो, तुम्हीच तिला समजावा. मी रोज संध्याकाळी तिला तेवढंच ऐकवू शकतो, जेवढं त्या खोलीत घडलं. "तू...", मग बाबांचा एक श्वास, आणि लगेच, निम्म्या वेगातही घाईत असलेला, तिचा स्वतःचा आवाज: "औषध? ते झालं की मघाशी."