बापूरावांचा हात

कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी बापूराव करड्यांचं वर्कशॉप आहे. गल्ली इतकी अरुंद की गाडी आत येत नाही. ती बाहेर कुठेतरी उभी राहते आणि तिच्या इंजिनाचा ब्लॉक तेवढा रिक्षात बसून ऐटीत येतो. चारचौघांसारखी गाडी चालवणारे इकडे फिरकत नाहीत. येतात ते शर्यतीच्या गाड्या बांधणारे, एकेका मायक्रॉनपायी झोप उडालेले लोक. केसाच्या जाडीचे सत्तर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. असल्या मापात ब्लॉकमधला सिलिंडर, म्हणजे पिस्टनचं भोक, गोल करून द्यायचा हा बापूरावांचा धंदा, आणि तसा गोल पुण्यात फक्त बापूरावांच्या हातून निघतो ही त्यांची ख्याती.

ख्यातीत खोट नव्हती. हात तेवढा बापूरावांचा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. मुलगा बँकेत होता आणि त्याला ग्रीसच्या वासानं शिंका येत. राहिली सून, पूर्णिमा. ती अमरावतीची. लग्नाआधी चाकणच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होती. तिनं एके दिवशी सासऱ्यांच्या हातातून गेज अलगद काढून घेतला, "बाबा, तुम्ही चहा घ्या," म्हणाली आणि मशीन सुरू केलं. बापूरावांचा तो चहा अजून चालूच होता.

घरात ठरलं ते असं. गिऱ्हाईक आलं की बापूरावांनी पुढच्या खुर्चीत भिंग घेऊन बसायचं, सिलिंडरमध्ये बॅटरी मारून "हं" म्हणायचं आणि गिऱ्हाइकाचा पाणउतारा करायचा. यातलं शेवटचं काम त्यांना शिकवावं लागलं नाही. गिऱ्हाईक गेलं की पूर्णिमा कामाला लागायची आणि मापाच्या चिठ्ठीवर ‘बा. क.’ अशी सही ठोकायची. आतल्या दारावर ‘काम पाहायचे असल्यास स्वतःचे मशीन घ्यावे’ अशी पाटी होती, त्यामुळे डोकावायची कुणाची छाती होत नसे.

सुरुवातीला पूर्णिमाला या नाटकाची गंमत वाटली. हल्ली मात्र राग येई. तिनं केलेला सिलिंडर डोक्यावर घेऊन नाचणारा माणूस तिच्याकडेच वळून, "वहिनी, जरा पाणी देता का?" म्हणाला की तिला ते पाणी त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटे. एकदा, फक्त एकदा, एखाद्या गिऱ्हाइकानं आपलं नाव घेतलेलं तिला ऐकायचं होतं.

कारण काम तिनं नुसतं सांभाळलं नव्हतं, सुधारलंही होतं. सुटा ब्लॉक कितीही गोल घासला तरी वर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, बसवून बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित दबतो आणि त्याचा गोल बिघडतो. म्हणून हेडच्या जागी एक जाड लोखंडी प्लेट आवळून मगच घासावं, असं तिनं लग्न होऊन आल्या आल्या सुचवलं होतं. बापूरावांनी ते हसण्यावारी नेलं. कारभार हाती आल्यावर तिनं ती प्लेट करून घेतली. बापूराव तिला पोळपाट म्हणत.

त्या सकाळी वारज्याचा साईनाथ आला. वडिलांच्या शेतात आता सोसायट्या उभ्या होत्या आणि पोरानं उरलेल्या गोठ्यात शर्यतीच्या गाड्या बांधल्या होत्या. करड्यांकडचं हे त्याचं तिसरं इंजिन.

"काका, पाया पडतो."

"पडा. उठताना तेलात हात घालू नका."

साईनाथनं खिशातून एक कागद काढला. "मित्राच्या कारखान्यात मोजून आणलंय. तुमच्याकडचा चार वर्षांमागचा ब्लॉक आन् गेल्या सालचा. दोन्ही बोल्ट आवळून मोजले. पहिला अंड्यावानी हाय, काका. पंचवीस मायक्रॉनचा फरक. आन् दुसरा चार! फक्त चार! पोरं म्हणली, आपलं मोजायचं मशीनच बिघडलं."

"हं," बापूराव म्हणाले. या वेळी ते आपोआप निघालं.

"हे दोन येगळे हात हायेत. दुसरा तुमचा, ते दिसतंच हाय. पन पहिला तुमी कुनाला तरी करायला दिला व्हता. मी रागावनार न्हाय, खरं सांगा."

आत प्लेट पुसत असलेल्या पूर्णिमाला हसू आवरेना. ती प्लेट हातात घेऊनच दाराशी आली. सासऱ्यांचा चेहरा इतका गरीब झालेला तिनं कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडला.

"औंदा कोइमतूरच्या शर्यतीत पळवनार हाय गाडी," साईनाथ सांगत होता. "इंजिन करनाऱ्याचं नाव दारावर रंगवनार. मोठ्या अक्षरात. म्हनून तो पहिलावाला मानूस आपल्या ब्लॉकला शिवता कामा न्हाय." बोलता बोलता त्याची नजर दाराकडे गेली आणि तो हसला. "का वहिनी शिकत व्हत्या तवा?"

पूर्णिमाचं हसू तिथंच विरलं. बापूरावांना सुटका आयती चालून आली होती. नुसती मान हलवली की अंडं तिच्या पदरात, चार मायक्रॉन त्यांच्या पदरात आणि गाडीच्या दारावर बापूराव करडे. तसं झालं तर उद्याच चाकणला अर्ज टाकायचा, हे तिनं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. हातातली प्लेट बारा किलोची होती. ती कुणाच्या पायावर ठेवावी याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

बापूरावांनी तिच्याकडे पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

"छे, ही नव्हती," ते म्हणाले. "तो दुसराच माणूस. चाळीस वर्षं इथे होता. भारी मिजासखोर. प्लेट लावून घासा म्हटलं की नाक मुरडायचा."

"आसं? मग काढून टाका की त्याला!"

"काढलाय. दोन वर्षं झाली. आता तो नुसता या खुर्चीत बसतो आणि आल्यागेल्याला टोचून बोलतो."

साईनाथ हसला आणि मध्येच थांबला. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग पूर्णिमाकडे, मग तिच्या तेलकट हातांकडे आणि त्यातल्या प्लेटकडे. त्याचे कान लाल झाले.

बापूरावांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. ते चांगलंच थरथरत होतं आणि या वेळी त्यांनी ते लपवलं नाही.

"दारावरचं नाव त्यांना विचारून लिहून घ्या," ते म्हणाले. "नीट लिहा. रंगाऱ्यांचा भरवसा नाही."

साईनाथनं मापांचा कागद उलटा केला. "सांगा, ताई."

"पूर्णिमा," ती म्हणाली, आणि प्लेट खाली ठेवून तो नीट लिहितोय ना, हे वाकून पाहू लागली.